अर्धा मिलिग्रॅम मायक्रोसिस्टिन हातात आहे, आता त्याची थ्रीडी रचना कशी काढायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सायनोबॅक्टेरियाच्या (निळ्या-हिरव्या शेवाळासारख्या जिवाणूंच्या) कल्चरमधून एचपीएलसीने (द्रावणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने) शुद्ध केलेलं साधारण अर्धा मिलिग्रॅम टॉक्सिन हातात आहे, मासमध्ये (रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) ९९५.५ ला पीक आलंय म्हणजे मायक्रोसिस्टिन-एलआरच असणार, ६०० मेगाहर्ट्झच्या एनएमआरवर (चुंबकात ठेवून अणूंचे संकेत वाचणाऱ्या यंत्रावर) आठवडाभर वेळ मिळालाय, तर आता त्रिमितीय रचनेसाठी क्रिस्टलच्या मागे लागू की एनएमआरच करू, आणि मॅडम, हे सरळ अल्फाफोल्डमध्ये (प्रोटीनच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआय सॉफ्टवेअरमध्ये) टाकून होणार नाही का?

शेवटच्यापासून सुरू करते. या रेणूत सात तुकडे आहेत आणि ते गोल जोडलेत: डी-अ‍ॅलानिन, ल्युसिन, डी-मिथिलअ‍ॅस्पार्टिक, आर्जिनिन, अ‍ॅडा, डी-ग्लुटामिक आणि शेवटी एम-डीएचए म्हणजे एन-मिथिलडीहायड्रोअ‍ॅलानिन. यातले प्रोटीनवाल्या सॉफ्टवेअरच्या ओळखीचे दोनच, ल्युसिन आणि आर्जिनिन. बाकी पाचात तीन उलट्या हाताचे (डी, म्हणजे नेहमीच्या एलची आरशातली प्रतिमा), एकाला अल्फा प्रोटॉनच नाही, आणि अ‍ॅडा तर वीस कार्बनचा बीटा-अमिनो आम्ल, त्याला डायईन, मेथॉक्सी आणि टोकाला फेनिल. वर डी-ग्लुटामिक गॅमा कार्बॉक्सिलमधून जोडलेलं आणि मिथिलअ‍ॅस्पार्टिक बीटामधून, म्हणजे सात अक्षरांची सीक्वेन्स टाईप करून काही हाती लागणार नाही. २०२४ च्या अल्फाफोल्ड ३ ला असा रेणू लिगंड (प्रोटीनला चिकटणारा छोटा रेणू) म्हणून देता येतो हे खरं, पण ते कधीकधी कायरल केंद्र (डावा-उजवा हात ठरवणारा कार्बन) उलटं करून ठेवतं हे त्याच्या कर्त्यांनीच कबूल केलंय, आणि तुझ्या रेणूत तर सगळा खेळच कायरल केंद्रांचा आहे. सुरुवातीचं एखादं मॉडेल म्हणून वापर हवं तर, उत्तर म्हणून नको.

क्रिस्टलबद्दल माझं मत सरळ आहे, अर्ध्या मिलिग्रॅममध्ये त्याच्या नादाला लागू नकोस. कडं तसं बऱ्यापैकी घट्ट आहे पण अ‍ॅडाची शेपटी लांब आणि लवचिक, आणि अशा शेपटीवाल्या रेणूंना रांगेत बसायचा कंटाळा असतो. चार सॉल्व्हंटमध्ये चार थेंब लावशील आणि तळाला तेलकट थर बघत बसशील. मायक्रोईडी म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोतात अगदी बारीक स्फटिकांचं डिफ्रॅक्शन, ते २०१८ पासून छोट्या रेणूंसाठी चांगलंच चालायला लागलंय, पावडरमध्ये मुंगीच्या पायाएवढेही नाहीत असे स्फटिक पुरतात, पण स्फटिक लागतातच. या टॉक्सिनचा क्रिस्टलमधला सगळ्यात गाजलेला फोटो एकट्याचा नाहीच, तो त्याच्या सावजासोबतचा आहे: १९९५ साली नेचरमध्ये आलेली प्रोटीन फॉस्फटेज-१ (हे विष ज्याला बंद पाडतं ते एन्झाइम) आणि मायक्रोसिस्टिन-एलआरची २.१ अँगस्ट्रॉमची रचना. प्रोटीन डेटा बँकेत १एफजेएम नावाने आहे, आजच उतरवून घे, पुढे कामाला येईल.

मग राहिलं एनएमआर. पण त्याच्याही आधी एक गोष्ट आहे आणि माझ्या अनुभवात लोक हमखास तिथेच आपटतात. थ्रीडी काढायच्या आधी टूडी नक्की कर. म्हणजे कोणता अणू कोणाला जोडलाय आणि कोणतं केंद्र कोणत्या हाताचं आहे. हे चुकलं की पुढचं सगळं गणित अगदी सुंदर, कमी एनर्जीचं, गुळगुळीत आणि साफ खोटं येतं, आणि सॉफ्टवेअर एका शब्दाने तक्रार करत नाही.

९९५.५ म्हणजे एलआर असं गृहीत धरू नकोस. मायक्रोसिस्टिनचे अडीचशेच्या वर प्रकार नोंदलेले आहेत आणि एकाच वस्तुमानाचे भाऊबंद त्यात भरपूर. ९८१.५ चं उदाहरण घे: मिथिलअ‍ॅस्पार्टिकचा मिथिल गेला तरी तेच वस्तुमान आणि एम-डीएचएवरचा एन-मिथिल गेला तरी तेच. एमएस-एमएसमध्ये (रेणू फोडून तुकड्यांचं वस्तुमान मोजताना) दोन पीक बघ. १३५.०८ आला की अ‍ॅडाचं टोक आहे, फेनिल-मेथॉक्सीवालं. २१३.०९ म्हणजे ग्लुटामिक अधिक एम-डीएचए जोडी, १२९ अधिक ८३ अधिक एक प्रोटॉन, हातावर मोजून येतं. तो २१३ च्या ऐवजी १९९ ला सरकला तर एन-मिथिल गायब आहे हे तिथल्या तिथे कळतं. उलट १००९.५ ला छोटासा पीक दिसला आणि तू आम्ल घातलेल्या मेथॅनॉलमध्ये सॅम्पल बरेच दिवस ठेवलं असशील तर नवा प्रकार सापडला म्हणून उड्या मारू नकोस, बहुतेक तो ग्लुटामिकचा मिथिल एस्टर आहे, तुझ्याच बाटलीत जन्मलेला.

अर्धा मिलिग्रॅम हाही आकडा तपास. एवढ्याशा पांढऱ्या पापुद्र्यात पाणी किती, टीएफए (एचपीएलसीतलं आम्ल) किती, मीठ किती हे काट्याला कळत नाही. मेथॅनॉलमध्ये थोडं पातळ करून २३८ नॅनोमीटरला अ‍ॅबसॉर्बन्स घे, अ‍ॅडाच्या डायईनमुळे तिथे छान उंचवटा असतो आणि एप्सिलॉन (प्रकाश शोषण्याचा गुणांक) ३९,८०० धरतात, म्हणजे २० मायक्रोमोलरला एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.८ च्या आसपास यायला हवं. ०.५ आलं तर तुझं अर्धा मिलिग्रॅम खरं म्हणजे ०.३ आहे, आणि हे स्पेक्ट्रोमीटरचा आठवडा वाया जायच्या आधी कळलेलं बरं.

आणि हो, हे विष आहे, विसरू नकोस, उंदराला पोटात टोचून किलोला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास मारक. तेव्हा कोरडी पावडर खरवडायची नाही, कायम द्रावणातच हाताळायचं, नायट्रोजनखाली वाळवायचं तेही फ्यूम हुडमध्ये. डीएमएसओ वापरणार असशील तर दुप्पट सांभाळ कारण डीएमएसओ कातडीतून आत जातं आणि सोबत पाहुणेही नेतं. एनएमआरची ट्यूब हातात फुटणं ही काही दुर्मिळ घटना नाही. प्लास्टिकच्या टिपा आणि एपेनडॉर्फला हा रेणू पाण्यातून चिकटतो, काच वापर. उघड्या उजेडात, विशेषतः यूव्हीखाली, ठेवू नकोस, अ‍ॅडाचा सहाव्या जागेचा दुहेरी बंध ई चा झेड होतो आणि तो आयसोमर निष्क्रिय असतो, म्हणजे तू निर्विष रेणूची रचना काढून विषाचं नाव देशील.

आता हाताचं, म्हणजे डी की एल. यासाठी मार्फे पद्धत: रेणूचं आम्लात हायड्रॉलिसिस, मग एल-एफडीएए हा कायरल अभिकर्मक लावून एचपीएलसी, बहुतेक अमिनो आम्लांत एल आधी येतं आणि डी उशिरा, पण बहुतेक या शब्दावर विसंबू नकोस, स्टँडर्ड सोबत चालवच. अडचण दोन ठिकाणी येते. एम-डीएचए हायड्रॉलिसिसमध्ये टिकतच नाही, त्याचं मिथिलअमाईन आणि पायरुविक होतं, ते ठीक, त्याला हात नाहीच. अ‍ॅडाही उकळत्या आम्लात विस्कटतं. म्हणून काहीजण आधी ओझोन देऊन दुहेरी बंध तोडतात, पण थांब आणि कागदावर काढून बघ: चौथ्या-पाचव्या कार्बनमधला बंध तुटून चौथ्याचं कार्बॉक्सिल झालं की अ‍ॅडाच्या कड्याकडच्या तुकड्यातून काय उरतं? मिथिलअ‍ॅस्पार्टिक आम्ल! म्हणजे कड्यात जे आधीच आहे तेच, आणि दोन्ही एकाच क्रोमॅटोग्राममध्ये एकमेकांत मिसळतात. तेव्हा अर्धं सॅम्पल ओझोनशिवाय आणि अर्धं ओझोनसकट असं शेजारी शेजारी चालवायचं आणि काय वाढलं ते बघायचं. या सगळ्याला ५०-१०० मायक्रोग्रॅम पुरतात, पण ते नष्ट होणार, म्हणून क्रम असा ठेव की एनएमआर आधी, ट्यूबमधला माल परत मिळवायचा, आणि मग त्यातला थोडा मार्फेला. गणनेला मात्र मार्फेचा निकाल हातात आल्याशिवाय बसायचं नाही.

सॉल्व्हंटवरून भांडणं होतात. अर्धा मिलिग्रॅम खरंच असेल तर अर्ध्या मिलिलिटरमध्ये बरोबर १ मिलिमोलर होतं, आणि ३ मिमीची ट्यूब मिळाली तर १७० मायक्रोलिटरमध्ये तोच माल जवळपास ३ मिलिमोलर, तेव्हा ३ मिमीच घे. ड्युटेरेटेड मेथॅनॉलमध्ये पीक देखणे येतात आणि जुने तक्तेही त्यातच आहेत, पण एनएचमधल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम येऊन ते सगळे गायब होतात आणि वर मेथॅनॉलचा स्वतःचा उरलेला पीक ३.३१ ला, नेमका एन-मिथिल आणि मेथॉक्सीच्या मांडीवर. ओळख पटवायला ते चालेल, आकारासाठी एनएच हवेत. म्हणून ९०-१० पाणी-डीटूओ (जड पाणी), पीएच ४ च्या आसपास, किंवा डीएमएसओ. मला विचारशील तर दोन्ही कर, कारण विष काम पाण्यात करतं पण डीएमएसओत पीक जास्त सुटे येतात, आणि दोन्हीकडे कड्याचा आकार एकच आला तर तुझा स्वतःवरचा विश्वास वाढतो. पाण्यात एक काळजी: अल्फा प्रोटॉन ४.७ च्या आजूबाजूला बसलेले असतात, पाण्याचा पीक प्रीसॅच्युरेशनने मारलास तर तेही सोबत मरतात. वॉटरगेट किंवा एक्सायटेशन स्कल्प्टिंग या पाणी दाबायच्या दुसऱ्या पद्धती वापरल्यास तरी तेवढी पट्टी जातेच, म्हणून तापमान १०-१५ अंशांनी बदलून दुसरा संच घे, पाणी सरकतं आणि खालचे दिसायला लागतात.

आता माझी फजिती ऐक. पहिल्यांदा असाच सात तुकड्यांचा पेप्टाइड हाती आला तेव्हा मी प्रोटीनवाल्यांच्या सवयीने शनिवार-रविवार नोझी (जवळजवळचे प्रोटॉन दाखवणारा एनएमआर प्रयोग) लावून ठेवली, सोमवारी उत्साहाने उघडली तर कर्ण सोडून जवळपास कोरं. सॅम्पल खराब झालं, मशीन बिघडलं, मीच काहीतरी चुकले, असं करत आणखी दोन दिवस गेले, आणि मग एका जुन्या माणसाने चहा पिता पिता विचारलं की वस्तुमान किती आहे म्हणे? हजार म्हटल्यावर तो हसला. एनओईचं, म्हणजे नोझीत दिसणाऱ्या जवळिकीच्या संकेताचं, चिन्ह रेणू किती वेगाने गिरक्या घेतो त्यावर ठरतं, छोट्यांना अधिक, मोठ्यांना उणे, आणि मधे ओमेगा (प्रोटॉनची वारंवारता) गुणिले टाऊ-सी (गिरकीचा काळ) १.१२ झालं की शून्य. ६०० मेगाहर्ट्झला हे शून्य ०.३ नॅनोसेकंदाच्या टाऊ-सीला येतं आणि हजार डाल्टनचे रेणू नेमके तिथेच घुटमळतात. म्हणून रोझी (स्पिन-लॉक लावून जवळीक मोजणारा नोझीचा भाऊ) लाव. रोझीत हे शून्य येतच नाही. तापमान उतरवून किंवा डीएमएसओच्या जाडपणाचा फायदा घेऊन नोझीही जागी करता येते, पण मुख्य आधार रोझीच ठेव, मिक्सिंग २०० ते ३०० मिलिसेकंद.

रोझीची स्वतःची खोड आहे ती म्हणजे टॉक्सीची (बंधांतून जोडलेले प्रोटॉन दाखवणाऱ्या प्रयोगाची) गळती. स्पिन-लॉक चालू असताना जोडलेल्या प्रोटॉनमध्ये टॉक्सीसारखं हस्तांतर होतं आणि नसलेली जवळीक दिसते. ओळखायचं कसं, तर रंगावरून: कर्ण निळा असेल तर खरा रोई (रोझीतला जवळिकीचा पीक) लाल यायला हवा, आणि टॉक्सीचा किंवा एक्स्चेंजचा पीक कर्णाच्याच रंगाचा असतो. मी विद्यार्थ्यांना सांगते की रंग न बघता पीक निवडणारा माणूस नकाशा न बघता गाडी हाकतो.

असाइनमेंट, म्हणजे कोणता पीक कोणत्या अणूचा हे ठरवणं, तुला जमेल, कॉझी, टॉक्सी, एचएसक्यूसी, एचएमबीसी हे जोडणी दाखवणारे चौघे प्रयोग घे. सात तुकडे असून एनएच सहाच मोजायचे, एम-डीएचएला नाही (आर्जिनिनच्या बाजूच्या साखळीतले वेगळे). पहिलं पाऊल म्हणून मी नेहमी एम-डीएचएचे दोन एक्झोमेथिलीन प्रोटॉन धरते, ५.४ आणि ५.९ च्या आसपास एकटे उभे असतात, गर्दीत हरवत नाहीत. मग अ‍ॅडाचा पाचवा प्रोटॉन ६.२ ला, साडेपंधरा हर्ट्झचा रुंद डबलेट, म्हणजे ट्रान्स. एकदा हे दोन खांब रोवले की बाकीचे दोर त्यांना बांधत जायचं. जोडणीचा पुरावा एचएमबीसीत आहे: एन-मिथिलपासून एक पीक एम-डीएचएच्या अल्फा कार्बनला आणि दुसरा ग्लुटामिकच्या गॅमावरच्या कार्बोनिलला जायला हवा, आर्जिनिनच्या एनएचपासून मिथिलअ‍ॅस्पार्टिकच्या बीटावरच्या कार्बोनिलला. हे दोन पीक सापडेपर्यंत गॅमा आणि बीटा जोडण्या तू पुस्तकातून उचललेल्या आहेत, मोजलेल्या नाहीत. जीवसंश्लेषणाचा आधार मिळतो, मायक्रोसिस्टिनचा एमसीवाय जनुकसमूह २००० सालापासून माहीत आहे आणि त्यात एपिमरायझेशनचा (एलचं डी करणारा) भागही आहे, पण तो तुझ्या ट्यूबमधल्या रेणूचा पुरावा होत नाही.

एन-मिथिलच्या जागी एक प्रश्न वेगळा विचारायचा, तिथला अमाइड बंध सिस की ट्रान्स? साध्या पेप्टाइडमध्ये ट्रान्स गृहीत धरलं तर बिघडत नाही, एन-मिथिल असेल तर बिघडतं. ट्रान्स असेल तर एन-मिथिलची रोई आधीच्या तुकड्यातल्या शेजारच्या कार्बनच्या प्रोटॉनशी दिसते, इथे तो ग्लुटामिकचा गॅमा सीएच-टू. ती बघ, मोज, आणि गणनेत त्या बंधाला जबरदस्तीने ट्रान्स बांधून ठेवू नकोस, त्याला मोकळं सोड आणि डेटा काय म्हणतो ते ऐक.

अंतरं काढताना मोजपट्टी लागते, ती रेणूतच असते: सीएच-टूमधले दोन प्रोटॉन १.७८ अँगस्ट्रॉमवर, ते बदलत नाहीत. तीव्रता अंतराच्या उणे सहाव्या घाताने जाते त्या हिशोबाने बाकीचे तीन ढिगांत टाक, जोरदार म्हणजे २.७ पर्यंत, मधले ३.५, कमजोर ५, आणि मिथिल असेल तर एखादा अँगस्ट्रॉम वरून दे. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत अंतर लिहिणारे पेपर बघितले की मला हसू येतं, त्या रोझीत ऑफसेटचाच फरक त्याहून मोठा असतो. वरच्या मर्यादा सैल ठेव, सैल पण भरपूर हे घट्ट पण मोजक्यापेक्षा कधीही चांगलं.

जे-कपलिंगवरून (पीक किती हर्ट्झने फुटतो त्यावरून) कोन काढायचे तिथे डी-वाल्यांना विसरू नकोस. एल अमिनो आम्लात एनएच-अल्फा जे ९ च्या आसपास आला तर फाय (कण्यातला एक फिरता कोन) उणे १२० अंशांकडे, डी असेल तर अधिक १२० कडे, कार्प्लसचं (जे आणि कोन जोडणारं) वळण तेच पण आरशातलं. आणि अ‍ॅडा व मिथिलअ‍ॅस्पार्टिकमध्ये साखळीत एक कार्बन जास्त असल्याने तिथे नेहमीचे फाय-साय पुरतच नाहीत, मधला कोन वेगळा धरावा लागतो. हायड्रोजन बंधासाठी पाच तापमानांना साधा प्रोटॉन स्पेक्ट्रम घे, फार मोठं काम नाही. समज एक एनएच २८० केल्विनला ८.४२ आणि ३२० ला ८.१४, म्हणजे ४० अंशांत ०.२८ पीपीएम, अंशाला ७ पीपीबी, हा उघड्यावर आहे. दुसरा ७.९० वरून ७.८४, अंशाला दीड, हा आत कुठेतरी दडलाय किंवा बांधलेला आहे. कोणाशी बांधलाय हे मात्र या आकड्यातून कळत नाही, ते आधी गणनेत घालू नकोस, गणना झाल्यावर तिथे ऑक्सिजन जवळ येतोय का ते बघ. आधी घालून नंतर सापडला म्हणणं म्हणजे स्वतःच लपवून स्वतःच शोधणं.

गणनेत एक्सप्लॉर किंवा सायाना (मोजलेल्या अंतरांवरून रचना काढणारी सॉफ्टवेअर), जे हाताला असेल ते. खरं काम सॉफ्टवेअर चालवण्यात नाही, लायब्ररी लिहिण्यात आहे, कारण डी-मिथिलअ‍ॅस्पार्टिक, एम-डीएचए आणि अ‍ॅडा तयार मिळत नाहीत, अणूगणिक स्वतः लिहावे लागतात. इथे माझी दुसरी फजिती: अ‍ॅलानिन तर साधंच म्हणून मी तयार फाईलमधलं उचललं, फक्त नावापुढे डी लावला. त्या फाईलमधला इम्प्रॉपर कोन (केंद्राचा हात ठरवणारा) एलचाच होता. सॉफ्टवेअरने निमूटपणे प्रत्येक रचनेत अ‍ॅलानिनला एल केलं आणि शेजारच्या दोन पेप्टाइड पट्ट्या पिळून रोई जमवून घेतल्या. एनर्जी छान, व्हायोलेशन (घातलेल्या बंधनांचा भंग) नगण्य, वीसच्या वीस रचना एकमेकींवर चपखल. तीन आठवड्यांनी एका ज्युनियर पोराने स्क्रीनवर रेणू फिरवता फिरवता विचारलं, ताई हा मिथिल या बाजूला कसा? तेव्हापासून माझा नियम, पहिली रचना बाहेर पडली की सगळी कायरल केंद्रं हाताने मोजायची, नुसत्या डोळ्यांनी, कागदावर आर-एस लिहून. अ‍ॅडाची चार, २एस, ३एस, ८एस, ९एस, मिथिलअ‍ॅस्पार्टिकची दोन, बाकी चारांची एकेक. दहा केंद्रं, पाच मिनिटं.

शंभर रचना यादृच्छिक सुरुवातीपासून काढ, त्यातल्या चांगल्या वीस घे, मग पाण्यासकट मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये (संगणकावर अणूंची हालचाल चालवून) बंधनं सोडून चालव आणि कडं टिकतं का ते बघ. नव्वदच्या दशकात ज्यांनी ही रचना द्रावणात काढली त्यांना कडं खोगीरासारखं वाकलेलं दिसलं. तुलाही तसंच काही आलं तर नवल नाही, न आलं तर आधी वरची दहा केंद्रं पुन्हा मोज.

आता शेपटी. वीस रचना कड्यावर जुळवून ठेवल्यास की अ‍ॅडाच्या टोकाचं फेनिल झाडूसारखं पसरलेलं दिसेल आणि तुला ते लाजिरवाणं वाटून एखादी कमजोर रोई घट्ट करून झाडू बांधायचा मोह होईल. तो टाळ. बघ हिशोब काय होतो: दोन प्रोटॉन १० टक्के वेळ २.५ अँगस्ट्रॉमवर आणि ९० टक्के वेळ ६ वर असतील तर उणे सहाव्या घाताच्या सरासरीने अंतर ३.६ येतं. म्हणजे तुझ्या ढिगांत ते जवळपास 'मधलं' ठरणार, आणि गणना त्या दोघांना कायमचं ३.६ वर बसवणार, जिथे ते खरं म्हणजे कधीच बसलेले नसतात. शेपटीतल्या कमजोर पीकांपैकी बरेच असेच पाहुणे असतात. ओळखायची खूण अशी की दोन रोई एकाच वेळी कोणत्याही एका आकारात पाळता येत नाहीत. तसं झालं तर सॉफ्टवेअरला सरासरी आकार काढायला लावू नकोस, दोन-तीन आकारांचा मिळून संच बसवून बघ. शेपटीही सगळीकडे सारखी ढिली नाही म्हणा, डायईनचा भाग सपाट आणि ताठ, सातव्या-आठव्या प्रोटॉनमधला जे साधारण १० येतो म्हणजे तिथेही एक कोन लाडका आहे, ढिलेपणा मोजक्या बिजागऱ्यांत आहे. कोणत्या बिजागरीला डेटा आहे आणि कोणत्या नाही हे सांगितलंस तर त्या झाडूची किंमत चपखल चित्राहून जास्त.

आणि मग १एफजेएम उघड. त्यात फॉस्फटेजला धरलेल्या अवस्थेत अ‍ॅडा पाण्याला नको असलेल्या खाचेत लांब पसरून बसलंय, ग्लुटामिकचं मोकळं कार्बॉक्सिल धातूंना धरलेल्या पाण्यांशी बोलतंय, आणि एम-डीएचएच्या दुहेरी बंधावर सिस्टीन-२७३ चा गंधक सहसंयुज बंधाने चिकटलाय. नोड्युलॅरिन या पाच तुकड्यांच्या चुलतभावात हा शेवटचा बंध होत नाही, तरी तो फॉस्फटेज बंद पाडतोच, यावरून कळतं की पकड मुळात आकाराची आहे, बंध नंतरचा. तुझ्या मोकळ्या रचनेचं कडं बांधलेल्यावर ठेवून बघ, ढोबळ आकार फारसा बदललेला नसेल. फेनिलची जागा मात्र तुझ्या झाडूतल्या एखाद्याच काडीशी जुळेल, किंवा एकीशीही नाही. इथे लोक ती जुळणारी काडी निवडून 'द्रावणातली रचना' म्हणून चित्र छापतात. मी असं चित्र रिव्ह्यूला आलं की वीसच्या वीस मागते.

एनएमआरचं काम झालं की ट्यूबमधला माल पुन्हा एचपीएलसीवर चालव, आठवड्यापूर्वीच्या क्रोमॅटोग्रामशेजारी ठेव. मुख्य पीकच्या बाजूला नवा खांदा उगवला असेल तर तो झेड आयसोमर आहे का, एस्टर आहे का ते मासने बघ, आणि पाच टक्क्यांच्या वर असेल तर रोझीतले कमजोर पीक परत एकदा तपासून घे, त्यातले काही त्याचे असू शकतात. उरलेलं मेथॅनॉलमध्ये, काचेच्या कुपीत, अंधारात, उणे २० ला. मार्फेला त्यातलंच काढायचंय.